चहाच्या पेल्याएवढं तेल

१ मार्च
वारा उत्तरेचा, हवा कोरडी. फेरीबोटीच्या इंजिनखोलीत चाळीस वर्षं रोज नोंदवही लिहिली, त्यामुळे निवृत्त झालो तरी हवा लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. ही वही मात्र खासगी. सरकारी नोंदीत मनातलं लिहायची सोय नव्हती.

आज पोर्ट सैदहून मेव्हण्याचा, शाझलीचा फोन आला. चोवीस एप्रिलला कैरोत त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आहे. नेहमीसारखी थट्टा करत होता, पण मधे मधे दम लागत होता. म्हणाला, "दाजी, माझी जावा तुमच्या जिन्याखाली आहे ना? एकदा तिचा आवाज ऐकवा. फोनवर नको हं, फोनवर सगळ्या गाड्या शिवणयंत्रासारख्या वाजतात. दारात आणून ऐकवा."

मी तोंडभरून "हो" म्हणून बसलो. ती मोटरसायकल चौतीस वर्षं सासऱ्यांच्या शेडमध्ये पडून होती. घर विकलं तेव्हा कुणी घेईना म्हणून मी आणली. मेकॅनिक गिरगिसनं हिवाळ्यात इंजिन उघडून नीट करून दिलं, राहिला तो फक्त कार्ब्युरेटर.

बायकोला, इनआमला, सांगितलं. ती मुलुखियाची पानं खुडत होती, खुडतच राहिली. तिला त्या गाडीचं नाव नको असतं. शाझली बावीस वर्षांचा असताना पोर्ट सैदच्या रस्त्यावर पिस्टन जाम झाला, मागचं चाक धरलं आणि तो फेकला गेला. तेव्हापासून त्याचा डावा पाय वाकत नाही. तेल कमी पडलं, असं आमचं सारं इस्माइलिया म्हणत होतं. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्याही कानावर तेच आलं.

४ मार्च
गिरगिसकडे गेलो. जुना कार्ब्युरेटर त्यानं हातात घेऊन हलवला. आतली सरकती नळी खुळखुळली. "घासून ढिला झालाय, इंजिनेरसाहेब. वयच झालंय त्याचं. हा आयुष्यात सुरात यायचा नाही." मी डिझेलवाला, म्हणून तो मला इंजिनेरसाहेब म्हणून चिडवतो. डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतो हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

त्यानं दोन नवे काढून ठेवले. एक अठ्ठावीस मिलिमीटर तोंडाचा, चकचकीत, लाल झाकणाचा. दुसरा सव्वीसचा, साधा, करड्या रंगाचा. माझा हात आपोआप लालकडे गेला.

"ठेवा खाली," गिरगिस म्हणाला. "वाऱ्याशी शर्यत लावायचीय की मेव्हण्याला भेटायचंय? तोंड मोठं असलं की हवा हळू येते, आणि हळू हवेला पेट्रोल ओढवत नाही. कमी वेगात ही गाडी तुम्हाला चौकाचौकात रडवेल."

सव्वीसचा घेतला. निघताना लालकडे एकदा वळून पाहिलंच. साठाव्या वर्षीही माणूस सुधारत नाही.

९ मार्च
कार्ब्युरेटर बसला. पेट्रोल ज्या बारीक भोकातून जातं तो पितळी जेट, त्यावर नंबर असतो. नंबर मोठा म्हणजे भोक मोठं, पेट्रोल जास्त. सोबत एकशे चाळीसचा आला आहे, डबीत आणखी पाच-सहा आहेत. हवेचा स्क्रू दीड फेरा उघडा ठेवला. सातव्या किकला गाडी बोलली. जिन्यात एवढा आवाज घुमला की मी एकटाच टाळ्या वाजवत उभा होतो.

वर पाहिलं तर इनआम गॅलरीत, हातात ओली चादर तशीच. खाली आली आणि विचारलं, "तेल किती घालता हो?"

या इंजिनाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. सांगितलं, "पाच लिटरच्या कॅनला दोनशे मिली. मापानं."

"इतकंच?"

"इतकंच."

जेवताना पुन्हा विचारलं, झोपायच्या आधी पुन्हा. तिसऱ्या वेळी मी चिडलो. म्हटलं, "ही मुलुखिया नाही, अंदाजानं घालायला." उगाच बोललो.

१५ मार्च
पंधरा किलोमीटर फिरून आलो. धूर फार. प्लग काढला तर काळा आणि ओला. गिरगिसनं सांगून ठेवलंय की प्लग बिस्किटाच्या रंगाचा हवा, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. एकशे चाळीस काढून एकशे तीसचा जेट घातला.

तेलाची बाटली मात्र संपत आली. माझ्या हिशेबानं अर्धी उरायला हवी. रिफअतच्या दुकानात पिंपातून भरून देतात, तो कमी भरत असणार.

१६ मार्च
रिफअतशी भांडलो. त्यानं माझ्यासमोर माप लावून भरलं. माप बरोबर निघालं. तोंडघशी पडलो.

२३ मार्च
धूर आहेच. समोरच्या उम इहाबनं ओरडून सांगितलं की तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांना मोटरसायकलचा वास येतो. प्लग पुन्हा काळा. आता एकशे वीस.

पण नवीनच लक्षण दिसतंय. जोरात नेली की इंजिन तापतं, आतून बारीक टकटक येते, आणि चढाला गाडी दम सोडते. गिरगिस घरी आला, तेव्हा त्याला चक्कर मारायला दिली. डोकं खाजवत परत आला. "धूर आहे खाऊन सुटलेल्या माणसाचा, आणि ताकद उपाशी माणसाची. असं कसं? पेट्रोल कोण मिसळतं?"

"मीच. संध्याकाळी मिसळून कॅन जिन्याखाली ठेवतो. पहाटे मशिदीतून आलो की टाकीत ओततो."

"मग तुमच्या जिन्यात भूत आहे."

इनआम चहा घेऊन आली होती. तिच्या हातातला ट्रे कलंडला, गिरगिसच्या गुडघ्यावर चहा सांडला. बिचारीला भुताखेतांच्या गोष्टी आवडत नाहीत. तिच्या बोटांना तेलाचा वास येत होता, शिवणयंत्राला तेल घालत बसली असेल. आणि हो, लग्नातल्या सहा पेल्यांपैकी आज पाचच दिसले. विचारलं तर म्हणाली, "फुटला." तीस वर्षांत एक फुटला, म्हणजे नवलच.

३० मार्च
शाझलीचा फोन. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, त्यामुळे जगावर राग. गाडीचं कुठवर आलं विचारलं. मी सगळं सांगितलं. एकशे वीसचा जेट ऐकताच त्याचा आवाज बदलला.

"दाजी, बारीक जेट काढा. आजच काढा."

"प्लग काळा येतो रे."

"येऊ दे. ऐका, कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. त्या वेळी पेट्रोल वाचवायला मी बारीक जेट बसवला होता. अब्बांना कळलं असतं तर सोलून काढलं असतं मला. इंजिन उपाशी पडलं, तापलं, आणि पिस्टन धरला. तेलाचा काही संबंध नव्हता. लोक 'तेल, तेल' करत राहिले, मला बरंच झालं. मग अब्बा गेले, आणि सांगायचं राहूनच गेलं."

असा हा माणूस. बारीक जेटची गोष्ट चौतीस वर्षं पोटात ठेवली. इनआमला सांगावं का, असा विचार आला. पण त्या दिवसाचा विषय काढला की ती उठून जाते, आणि गुपित त्याचं. नाही सांगितलं.

जेटचं मात्र माझं मत वेगळं आहे. त्याचा कार्ब्युरेटर वेगळा होता. प्लग खोटं बोलत नाही. एकशे वीसच ठेवतो.

५ एप्रिल


तिम्साह तलावाच्या बाजूच्या सरळ रस्त्यावर सत्तरच्या वेगात होतो. एकाएकी आवाज घुसमटला आणि मागचं चाक घसपटायला लागलं. गिरगिसनं शंभरदा सांगितलं होतं, दोन बोटं कायम क्लचवर ठेवा. ती होती म्हणून वाचलो. क्लच दाबला, चाक मोकळं झालं, गाडी वेडीवाकडी जात कडेच्या वाळूत थांबली. पडलो नाही, खरचटलंही नाही. चार किलोमीटर ढकलत आणली.

इनआम जिन्यात उभी होती. मी ढकलत येतोय हे पाहून तिला सगळं कळलं. खालच्या पायरीवर बसली. रडली नाही. फक्त विचारलं, "तेल कमी पडलं का हो?"

"नाही गं," म्हटलं. तिला ते ऐकूच गेलं नसावं. रात्रभर माझी बाही धरून झोपली होती.

६ एप्रिल
गिरगिसनं सिलेंडर उतरवला. पिस्टनवर ओरखडे आहेत, पण वरवरचे. घासून साफ होतील म्हणाला. मग त्यानं माझ्या कॅनमधलं पेट्रोल दोन बोटांत चोळलं, हुंगलं, आणि माझ्याकडे पाहत राहिला.

"हे पाच लिटरला दोनशे नाही. तीनशे तरी आहे."

मी शपथ घेतली. तो म्हणाला, "शपथ राहू द्या, आधी ऐका. जेटच्या भोकातून ठरावीक माल जातो. त्यात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी. जादा तेलानं प्लग काळा झाला, तुम्हाला वाटलं पेट्रोल जास्त, तुम्ही भोक बारीक केलं. आधीच अर्धपोटी असलेल्याच्या ताटातली भाकरी काढून घेतलीत. एखाद्यानं भलं करायला जादा तेल घातलं असेल, पण तेच तुम्हाला आडवं करणार होतं."

कोण घालेल? संध्याकाळी नवं पेट्रोल आणलं, दोनशे मिली डोळ्यांत तेल घालून मोजलं, कॅन जिन्याखाली ठेवला.

७ एप्रिल
पहाटे मशिदीकडे निघालो आणि कोपऱ्यावरून चष्म्यासाठी परत फिरलो.

जिन्याखाली दिवा होता. इनआम कॅनपुढे उकिडवी बसली होती. हातात तो फुटलेला पेला, अगदी शाबूत, काठोकाठ तेलानं भरलेला. "बिस्मिल्लाह" म्हणून हळूहळू ओतला. कॅन हलवला. तोंडाला लागलेलं तेल ओढणीच्या टोकानं पुसलं. आणि कॅनवर तळहात ठेवून, एखाद्या तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, म्हणाली, "देवा, या वेळी माझ्या हातून कमी पडू देऊ नकोस."

मी आल्या पावली मागे फिरलो. नमाज चुकली. कालव्याच्या कठड्यावर उजाडेपर्यंत बसलो.

आधी राग आला, खोटं कशाला लिहू. माझा जीव जाता जाता राहिला होता. पण रागाच्या मधेच तिचे शब्द परत परत ऐकू येत होते. या वेळी, म्हणाली ती. या वेळी म्हणजे काय? मागची वेळ कुठली?

दहा वाजता इनआम बाजारात गेली तेव्हा शाझलीला फोन लावला. "त्या दिवशी पेट्रोलमध्ये तेल कुणी मिसळलं होतं?"

"त्या दिवशी? मला घाई होती... इनआमनं. मीच म्हटलं, इनू, तेवढं मिसळून दे. का हो?"

मी पाहिलेलं सांगितलं. 

"सतरा वर्षांची होती ती, दाजी. एका शब्दानं कधी बोलली नाही."

"तूही बोलला नाहीस."

"तिला घेऊन या. मी सांगतो. फोनवर नाही सांगणार."

तीस वर्षं मी या बाईच्या शेजारी झोपलो. चाळीस वर्षं इंजिनाची बारीकसारीक कुरबूर कानांनी पकडली. आणि हे मला ऐकू आलं नाही.

१० एप्रिल
गाडी पुन्हा जोडली. गिरगिसला म्हटलं, "पाच लिटरला दोनशे मिली अधिक एक चहाचा पेला. याला कुठला जेट लागेल?"

आणि पहाटे पाहिलेलं त्याला सांगितलं. "चूक काढून टाकायची सोडून चुकीच्या मापाचा जेट बसवताय?"

"हो."

"बायकोला एक वाक्य सांगवत नाही?"

"ते वाक्य माझं नाही. ज्याचं आहे तो सांगणार आहे. तोवर तिला झोप लागायला हवी, आणि मला गाडी हवी."

त्यानं हात टेकले. मग दोघं दिवसभर लागलो. एकशे पंचेचाळीस घातला, कार्ब्युरेटरमधली सुई एक खाच वर घेतली, हवेचा स्क्रू पाव फेरा आत. तलावापर्यंत तीनदा जाऊन आलो, दोन बोटं क्लचवर. टकटक गेली. इंजिन तापत नाही. धूर निघतो, निघू दे. शेवटच्या फेरीला गिरगिस डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "चुकीचं आहे सगळं, पण सुरात आहे."

पेला शिवणयंत्राच्या खणात लपवलेला सापडला. संध्याकाळी तो धुऊन, पुसून कॅनच्या शेजारी उघड्यावर ठेवला. मापाला तोच एक पेला हवा. रोज वेगळ्या भांड्यानं ओतायला लागली तर कुठलाच जेट पुरायचा नाही.

११ एप्रिल
पहाटे परतलो तेव्हा पेला जागेवर होता, तेलकट.  दुपारी इनआमनं माझ्या आवडीचा मासे घातलेला भात केला आणि सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. वाढता वाढता म्हणाली, "पोर्ट सैदला मी मागे बसून येणार. तुम्हाला एकट्याला नाही सोडणार."

१६ एप्रिल, पोर्ट सैद
वारा समोरून, पण मंद. सकाळी सातला निघालो. वाटेतल्या कंतारा गावापर्यंत इनआमनं मला असं आवळून धरलं होतं की बरगड्या दुखायला लागल्या. तिथे फूल, ती वालासारखी उसळ, आणि गरम रोटी खाल्ली. नंतर पकड जरा सैल झाली. जिथे शाझली पडला होता तो पट्टा मला माहीत होता. तिथे ती माझ्या पाठीवर कपाळ टेकून होती. मी वेग चाळीसवर आणला आणि गाडी अगदी गुळगुळीत नेली. त्या पाच मिनिटांसाठी सहा आठवडे घालवले असं वाटलं.

शाझलीला गल्लीच्या तोंडाशीच आवाज कळला असणार. आम्ही वळलो तेव्हा तो काठी टेकून दारात उभा होता, तोंड उघडं, डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत ओघळत होतं. फार वाळलाय. मी इंजिन बंद करायला गेलो तर ओरडला, "राहू द्या! राहू द्या चालू!" धुरात उभा राहून, टाकीवर हात ठेवून ऐकत राहिला. मग स्वतःच किल्ली फिरवली.

"इनू," म्हणाला, "त्या दिवशी तू तेल बरोबर घातलं होतंस. मी बारीक जेट बसवला होता, पेट्रोल वाचवायला. अब्बांच्या भीतीनं बोललो नाही. तुझा काहीच दोष नव्हता."

इनआम गाडीजवळ उभीच. डोक्याचा रुमाल सरळ केला. वाटलं, ऐकू गेलं नाही की काय. मग हातातली पर्स उचलून तिनं त्याच्या खांद्यावर हाणली. पुन्हा एकदा हाणली.

"गाढवा! चौतीस वर्षं! चौतीस वर्षं मी तुझ्या पायाकडे बघू शकले नाही!"

"मला काय माहीत तुला असं वाटतंय!"

"विचारलंस कधी?"

"अगं, हळू मार, माझं ऑपरेशन आहे!"

त्यावर ती त्याच्या गळ्यात पडून रडली. असं रडताना मी तिला पाहिलेलं नाही, तिची आई गेली तेव्हाही नाही. शाझलीची बायको दारात हात पुसत उभी होती, तिला काहीच कळत नव्हतं. मी गाडी सावलीत लावायच्या निमित्तानं बाजूला झालो. डोळ्यांत धूर गेला असं सांगायची तयारी ठेवली होती, पण कुणी विचारलं नाही.

जेवणात शाझलीनं चोरून मीठ घेतलं. इनआमनं पाहिलं आणि मिठाची वाटी उचलून आपल्या मांडीवर ठेवली. संध्याकाळी म्हणाला, "ऑपरेशनहून आलो की मागे मी बसणार." ती म्हणाली, "आधी ये तर."

१७ एप्रिल
परतीसाठी त्याच्या अंगणात पेट्रोल मिसळलं. दोनशे मिली मी मोजून घातलं आणि नळावर हात धुवायला गेलो. मुद्दामच, तिला सवड मिळावी म्हणून.

हात धुऊन वळलो तर इनआम कॅनपाशी होती. पर्समधून रुमालात गुंडाळलेला पेला काढला, तेलानं काठोकाठ भरला. उजेडात धरून थोडा वेळ पाहत राहिली. या वेळी तिनं लपवलं नाही, मी बघतोय हे तिला दिसत होतं. मग तिनं त्यातलं अर्धं तेल बाटलीत परत ओतलं. उरलेलं अर्धं कॅनमध्ये.

"इतकंच?" मी विचारलं.

"इतकंच," ती म्हणाली आणि मागे बसायला रुमाल बांधू लागली.

येताना धूर कमी होता, पण चढाला गाडी जरा जड बोलत होती. तेल कमी झाल्यानं पेट्रोल थोडं जास्त होतंय. उद्या गिरगिसकडे जायला हवं. जेट बदलावा लागणार.